काच लावली, तरी डोकं का हलतं?

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे. जानेवारीत आम्ही दोघे मित्र आपापल्या गाडीवर रामेश्वरला निघणार आहोत. छातीवर वारा बसून फार थकायला होतं, म्हणून हँडलला मोठी पारदर्शक काच बसवून घेतली. छातीचा वारा गेला, पण गाडी ऐंशीच्या वर गेली की हेल्मेट गदागदा हलतं आणि कानात एवढा आवाज होतो की काच नव्हती तेच बरं होतं असं वाटतं. दुकानदार म्हणतो, आणखी उंच काच लावा. मित्र म्हणतो, काढूनच टाक. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : दोघांचंही नको. काच काढायची गरज नाही, आणि उंच तर मुळीच करू नका. ती थोडी खाली आणा. का, ते सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न जिल्ह्यातल्या पुष्कळ रायडरना पडलेला असतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग साठवरून नव्वदवर गेला, म्हणजे दीडपट झाला, की अंगावरचा दाब सव्वादोन पट होतो. शंभरला तो साठच्या जवळजवळ पावणेतीन पट असतो. बुलेटवर आपण ताठ बसतो, त्यामुळे हा सगळा दाब छातीवर येतो आणि खांद्यांतून हातांत उतरतो. माणूस दिवसभर हँडलला लोंबकळल्यासारखा असतो. संध्याकाळी मनगटं आणि मान भरून येते, त्यात खराब रस्त्यापेक्षा या ओढीचा वाटा मोठा. तेव्हा छातीवरचा वारा तोडलात ते चांगलंच केलंत.

बिघडलं ते काचेच्या वरच्या कडेपाशी. वारा काचेवरून सरकत वर येतो आणि कड आली की त्याला पुढे आधार उरत नाही. तो तुटतो, त्याचे भोवरे होतात. गोदावरीला भरपूर पाणी असताना शहागडच्या पुलावरून खाली पाहिलंत तर हा प्रकार डोळ्यांनी दिसेल. खांबापर्यंत पाणी सरळ येतं, खांब ओलांडला की एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गिरक्या घेत जातं. काचेच्या कडेमागे हवा हेच करते आणि तुमचं हेल्मेट नेमकं त्या गिरक्यांत सापडलं आहे. सरळ येणारा वारा जोराचा असला तरी मान तो पेलते. क्षणाक्षणाला दिशा बदलणारा वारा हलका असला तरी ती थकते, आणि नजरही स्थिर राहत नाही.

याची खात्री करून घ्यायला एक पैसा लागत नाही. वारा पडलेल्या एखाद्या सकाळी, मागेपुढे वाहन नसलेला सरळ रस्ता बघा. ज्या वेगाला हेल्मेट हलतं त्या वेगाला आधी हनुवटी चार बोटं खाली घ्या. मग पुन्हा ताठ बसा आणि फूटरेस्टवर भार देऊन सीटवरून तेवढंच वर उठा. उठल्यावर एकदम शांत झालं, तर स्वच्छ वारा तुमच्या डोक्याच्या जरासाच वर आहे, म्हणजे काच थोडी जास्त उंच आहे. वाकल्यावर शांत झालं, तर ती डोक्याला पुरा आडोसा देण्याइतकी उंच नाही. दोन्ही वेळा शांत वाटलं, तर हेल्मेट बरोबर भोवऱ्यांच्या पट्ट्यात आहे. तुमच्या वर्णनावरून मला हे तिसरं दिसतं.

यातून वाटा दोन. कड नाकाच्या शेंड्यापर्यंत ठेवायची आणि वारा हेल्मेटवरून पार जाऊ द्यायचा, किंवा कड जॅकेटच्या कॉलरपर्यंत खाली आणायची आणि हेल्मेट पूर्ण मोकळ्या वाऱ्यात ठेवायचं. पहिल्या वाटेने आवाज कमी होतो, पण रायडरची उंची, सीटची उंची, हेल्मेटचा आकार यांत इंच-दोन इंचांचा फरक पडला की सगळं गणित फसतं. दुसऱ्या वाटेत आवाज राहतो, मात्र तो एकसारखा राहतो आणि डोकं हलत नाही. लांबच्या प्रवासाला मी दुसरी वाट धरीन. नाकाच्या वर जाणारी काच तर कुणीच घेऊ नये. रात्री समोरच्या ट्रकचे दिवे तिच्यावर फुटतात, पावसात तिला वायपर नसतो, आणि रस्ता काचेतून बघावा लागतो. रस्ता नेहमी काचेवरून दिसला पाहिजे.

उंची घरच्या अंगणात ठरवता येते. प्रवासाचं सामान गाडीवर बांधा, जॅकेट, बूट, हेल्मेट घाला आणि स्टँड काढून बसा. मित्राला गाडी धरायला सांगा, दुसऱ्या कुणाला तरी कॉलरच्या रेषेत काचेवर रंगीत चिकटपट्टी लावायला सांगा. सामानाशिवाय मोजलेलं माप चुकतं, कारण मागचा भाग दबला की काचेचा कोनही बदलतो. हँडलच्या क्लॅम्पवर काच खाली सरकत असेल तर काम तिथेच झालं. नसेल तर आधी ती मागे झुकवून बघा. कापायचीच वेळ आली तर एकेक इंचच कापा, प्रत्येक वेळी चालवून बघा, आणि कापलेल्या कडेला कानस मारून रबरी बीडिंग लावा. धारदार कड गळ्यासमोर नको.

आणखी एक तपासा. हेडलाइट आणि काच यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट आहे का? काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि तो भरून काढायला हवा कडेवरून आणि बाजूंनी आत ओढली जाते. खालून थोडी हवा मिळाली की वरचे भोवरे कमी होतात. ती फट कुणी सफाईदारपणासाठी रबर लावून बुजवली असेल तर रबर काढा.

उंच काचेला माझा विरोध आहे तो मुख्यतः आडव्या वाऱ्यामुळे. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, पाटोदेकरांना हे मी काय सांगायचं! तुमची काच हँडलला बसवलेली आहे, म्हणजे तिच्यावर बाजूने बसलेला प्रत्येक झोत थेट स्टिअरिंगमध्ये उतरतो. काच जेवढी मोठी तेवढा तो जास्त. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी आणली, तेव्हा तिचं पुढचं आवरण पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात तपासून घडवलं होतं आणि ते हँडलला न बसवता चासीला बसवलं होतं. कारण हेच. मागे मोठा टॉप बॉक्स आणि पुढे हँडलवर उंच काच, ही जोडी मला सर्वांत धोक्याची वाटते. जोराचा वारा दोन्ही टोकांना धरतो आणि गाडी वळवळू लागते.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा सोलापूरकडून बीडकडे येताना तो डावीकडून लागतो आणि आपण नकळत डावीकडे झुकून गाडी सरळ ठेवतो. अशा वेळी ट्रक ओलांडायला गेलात की ट्रकच्या आडोशाला वारा एकदम तुटतो आणि गाडी ट्रककडे ओढली जाते. ट्रकच्या तोंडापुढे गेलात की तोच वारा पुन्हा उजवीकडे ढकलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद असल्यामुळे आपल्याला ट्रकांच्या सोबतीनेच जायचं असतं. तेव्हा ओलांडताना बाजूला भरपूर अंतर सोडा आणि हातांची पकड सैल ठेवा.

तुमच्या वाटेवर याची खरी परीक्षा पांबनला आहे. रामेश्वर बेटावर नेणारा रस्त्याचा पूल १९८८ साली सुरू झाला. तो सव्वादोन किलोमीटरहून लांब आहे आणि दोन्ही बाजूंना उघडा समुद्र. शेजारच्या जुन्या रेल्वेपुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत असत. पुलावर चढण्याआधी वेग चाळिसावर आणा.

काच कितीही चांगली असली तरी वाऱ्यापासूनचं पहिलं संरक्षण म्हणजे पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट. सैल हेल्मेट मोकळ्या वाऱ्यातही हलतं, म्हणून काचेला दोष देण्याआधी तेही बघा. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो, आणि दिवसभरासाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग घाला. हॉर्न त्यांतूनही ऐकू येतो, फक्त वाऱ्याची घरघर खाली जाते.

जानेवारीच्या पहाटे निघाल तेव्हा १० अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला ४ अंशांसारखा लागेल. काच छाती वाचवते, बोटं वाचवत नाही. त्यासाठी हँडगार्ड आणि जाड हातमोजे लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडची किती तरी ऊसतोड कुटुंबं कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांतला जो कुणी बायको-लेकराला मागे बसवून मोटारसायकलवर निघतो, त्याला काच परवडणार नाही. त्याने निदान स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवाव्यात, वारा खरंच अडतो. आणि उपरण्याचं किंवा पदराचं टोक आत खोचलेलं असावं, कारण ते चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर जीवच जातो.

मे महिन्यात उलटा विचार करावा लागतो. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि कातडीचं तापमान साधारण ३५ असतं. म्हणजे अंगावर येणारा वारा थंड करत नाही, तो उष्णता आणून देतो आणि घाम मुरायच्या आत उडवून नेतो. माणूस न कळता कोरडा पडतो. शर्टाची बटणं उघडून झळा अंगावर घेणाऱ्यापेक्षा काचेआड, पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून, आतला सुती शर्ट दर थांब्याला भिजवून घेणारा जास्त टिकतो.

काच कशाची आहे हेही विचारून घ्या. अ‍ॅक्रिलिक जास्त स्वच्छ दिसतं, लवकर ओरखडत नाही, पण दगड लागला तर तडकतं. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, मात्र ओरखडे पटकन धरतं आणि पेट्रोलचा थेंब किंवा अमोनिया असलेलं लिक्विड लागलं की पांढुरकं होतं. ट्रकांच्या मागे खडी उडणाऱ्या आपल्या रस्त्यांवर मी वरून कोटिंग असलेलं पॉलिकार्बोनेट घेईन. संध्याकाळी चिकटलेले किडे नखाने किंवा कोरड्या फडक्याने घासू नका. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा, मग पाणी ओतत अलगद पुसा. कोरडी धूळ पुसली तर तीच काच घासते.

निघताना काचेचे दोन-चार जादा बोल्ट आणि रबरी वायसर टूलकिटमध्ये टाका. पहिल्या दिवशी सोलापूर सोडून विजयपूरला मुक्कामाला पोचाल तेव्हा काच हाताने हलवून बघा. नव्या बसवलेल्या काचेचे बोल्ट पहिल्या दोनतीनशे किलोमीटरमध्ये ढिले होतात. आवळताना वायसर जरासं दबलं की थांबा, त्यापुढे जोर लावलात तर भोकापासून तडा जाईल.