आमच्या पाणथळातील बदकांची शिकार

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तेथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला नांदूर मधमेश्वरचा बंधारा म्हणतात. इतकी वर्षे नदीने गाळ आणला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे झाली, त्यांवर पाणकणीस व लव्हाळा माजला. बंधाऱ्याला गाळ वाईट, पण बदकांना तो ताट वाढून ठेवल्यासारखा आहे. आमचे गाव याच पाण्याच्या काठी आहे.

थंडी सुरू झाली की उत्तरेकडून बदके येतात. चक्रवाक लडाख आणि तिबेटकडे अंडी घालतो व हिवाळ्यात आपल्याकडे येतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार असते. थापट्याची चोच आजीच्या उलथन्यासारखी रुंद असते. तिने तो चिखलाचे पाणी गाळतो आणि किडे, बी खातो. हळदी-कुंकू बदक मात्र बाराही महिने इथेच राहते. त्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाजवळ दोन लाल ठिपके असतात, म्हणून ते नाव.

आता शिकारीविषयी सांगतो. माझे आबा पंचाहत्तर वर्षांचे आहेत. ते तरुणपणी बदके धरत. त्यांचे वडीलही धरत. आबा सांगतात, बदके दिवसा पाण्याच्या मधोमध झोपा काढतात आणि अंधार पडला की काठाच्या चिखलात व शेतात चरायला येतात. त्यांची यायची वाट ठरलेली असते. त्या वाटेवर दोन बांबू रोवून मध्ये बारीक सुताचे जाळे ताणायचे. चांदण्यात बदकाला जाळे दिसते, म्हणून अवसेच्या मागची-पुढची रात्र धरायची. विडी पेटवायची नाही, खोकायचे नाही. आबा म्हणतात, "थंडीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं. दात वाजले तरी गप." मिळालेली बदके आठवडे बाजारात जात किंवा शेतकऱ्याला देऊन बाजरी घेत. घरात शिजत ती फक्त मेलेली.

मडक्याची रीत तर मला फार आवडली. ही रीत आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी होती. रिकामी मडकी पाण्यावर सोडून द्यायची. चार दिवसांत बदकांना त्यांची सवय होते. मग शिकारी एक मडके डोक्यावर पालथे घालतो, त्याला डोळ्यांपुरती भोके असतात. गळ्यापर्यंत पाण्यात राहून तो हळूहळू थव्यात जातो आणि बदकाचे पाय धरून खाली ओढतो. शेजारच्या बदकाला वाटते त्याने बुडी मारली! मी आजीचे जुने मडके डोक्यावर घालून ओढ्यात करून पाहिले. तेथे वारकरी पक्षी होते. मी दोन पावले टाकली आणि सगळे पळाले. आबा हसून म्हणाले, "तू म्हशीवानी पाणी हलवलंस." (मडके फुटले ते आजीला हे वाचूनच कळेल.)

सरकारने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्यानंतरही काही पक्ष्यांच्या शिकारीला परवाना मिळत असे. १९८६ साली आमच्या पाण्याचे अभयारण्य झाले. १९९१ साली कायदा बदलला आणि परवान्याची शिकारही बंद झाली. २०२० च्या जानेवारीत हे ठिकाण रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी आहे, आणि महाराष्ट्रातून पहिला नंबर आमचा लागला.

कायदा चांगला झाला का, असे मी आबांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं जाळं गेलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. आमच्याकडं ना जमीन, ना विहीर. मग ऊसतोडीला गेलो. पण जीपवाल्यांच्या बंदुका पण गेल्या, हे ब्येस झालं. एका बारात पंधरा पडायची, त्यातली निम्मी लव्हाळ्यात सडायची." मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. कोणती जास्त खरी ते मला सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शेळ्या घेऊन काठाला गेलो होतो. मासे धरायचे फाटके जाळे पाणकणसात पडले होते आणि त्यात एक थापट्या अडकला होता. मी ओढायला गेलो तर आबा माझ्यावर ओरडले. त्यांनी आधी टॉवेल टाकून त्याचे डोळे झाकले, तो लगेच शांत झाला. ज्या बाजूने पक्षी शिरला त्याच बाजूने त्याला काढायचा. आधी पाय, मग पंख, शेवटी मान. आबांना चष्म्याशिवाय पेपर दिसत नाही, पण हाताला सगळे ठाऊक होते. थापट्या उडाला तेव्हा आबांच्या धोतरावर घाण करून गेला.

घरी आल्यावर आजीने एक गंमत दाखवली. तिच्या किल्ल्यांच्या दोरीत एक पांढरी कडी आहे. आबांनी लग्नानंतर धरलेल्या एका बदकाच्या पायात ती होती. तेव्हा घरात कोणालाच वाचता येत नव्हते, म्हणून कडी आजीला दिली. मी ती शाळेत आणली. गुरुजींनी भिंगातून पाहिली. तिच्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असे इंग्रजीत आहे. ही संस्था १८८३ पासून आहे. डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली १९५९ पासून तिने हजारो पक्ष्यांच्या पायांत नंबराच्या कड्या घातल्या. कडी सापडली की पक्षी कोठून कोठे गेला ते कळते. आणि गुरुजींनी सांगितले की कड्या घालण्यासाठी पक्षी जिवंत धरून द्यायचे काम बिहारच्या मीरशिकार लोकांनी केले. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरणारेच! हे आबांना सांगितले तर त्यांनी मला तीनदा पुन्हा सांगायला लावले.

आमच्या कडीवरचा नंबर पन्नास वर्षांत किल्ल्यांनी घासून गेला आहे. शेवटचे दोन आकडे दिसतात, ४ आणि ७. बदक कोठून आले होते ते आता कळायचे नाही, तरी गुरुजी म्हणतात पत्र लिहून बघू. आजी म्हणते पत्र खुशाल लिहा, पण कडी मी देणार नाही, माझ्या किल्ल्या सांडतील. म्हणून मी तिचे चित्र काढून खाली चिकटवले आहे. ते खऱ्या मापाचे आहे. कोणाच्या घरी अशी कडी असेल तर त्यांनी जवळ येऊन बघावे.