वॉल्डन तळ्याची प्रदक्षिणा

आमच्या महाराष्ट्रांत असें गांव विरळाच, कीं जेथें एखाद्या विहिरीविषयीं किंवा डोहाविषयीं "सात बाजांचें सुंभ सोडलें तरी तळ लागत नाहीं" असें कोणी सांगत नाहीं. हें सुंभ कोणीं सोडलें व केव्हां सोडलें, असें विचारल्यास मात्र उत्तर मिळत नाहीं. सांगणाऱ्यानें तें आपल्या आजोबांकडून ऐकलेलें असतें. अमेरिकेंतील एका लहानशा तळ्याचीही एके काळीं हीच ख्याति होती. त्या तळ्याभोंवतीं आज एक राखीव उपवन असून त्यांतून पायीं हिंडण्याच्या सोप्या वाटा आहेत. विद्यार्थिमित्रांनीं त्या वाटेनें आमच्यासंगें मनानें एक फेरी घ्यावी, आणि सुंभाचें कोडें तेथें कसें उलगडलें तें पाहावें, एवढाच या पाठाचा हेतु आहे.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांत बोस्टन शहरापासून सुमारें 20 मैलांवर काँकॉर्ड नांवाचें गांव आहे. त्या गांवापासून दीड मैलाच्या अंतरावर वॉल्डन तळें लागतें. विस्तार अवघा 61 एकर. यांत कोणतीही नदी येऊन मिळत नाहीं, कीं यांतून निघत नाहीं. हजारों वर्षांपूर्वीं हिमयुगाच्या शेवटीं मागें सरणाऱ्या हिमनदीचा एक प्रचंड खंड येथें वाळूगोट्यांत पुरला गेला. तो वितळल्यावर जो खळगा राहिला तेंच हें तळें.

तळें प्रसिद्धीस आलें तें हेन्री डेव्हिड थोरो या पुरुषामुळें. थोरोचा जन्म 1817 सालीं काँकॉर्ड येथेंच झाला. घरचा धंदा शिसपेन्सिली करण्याचा. तो स्वतः पुढें जमिनीची मोजणी करून पोट भरी. ता. 4 जुलै 1845 रोजीं तो या तळ्याच्या कांठीं, आपला स्नेही इमर्सन याच्या मालकीच्या जागेंत, स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या घरांत राहावयास गेला व ता. 6 सप्टेंबर 1847 पर्यंत तेथें राहिला. त्या वास्तव्यावरचा त्याचा 'वॉल्डन' हा ग्रंथ 1854 सालीं निघाला. आमच्या देशांत हें नांव परिचित आहे तें निराळ्या कारणानें: अन्यायी सरकारची आज्ञा मोडण्याविषयीं थोरोनें लिहिलेल्या निबंधांतील उतारे गांधीजींनीं 1907 सालीं 'इंडियन ओपिनियन' पत्रांत छापले होते. परंतु आज आपणांस त्या थोर विषयाशीं कर्तव्य नाहीं. आपण चालावयास निघालों आहों.

पूर्वेकडील वाळूच्या किनाऱ्यावर, जेथें लोक उन्हाळ्यांत स्नानास येतात, तेथून आरंभ करावा आणि पाणी डाव्या हातास ठेवावें. सबंध फेरी सुमारें पावणेदोन मैलांची आहे. चढउतार थोडा, लहान मुलांनींही सहज चालून जावें अशी वाट, मात्र झाडांच्या मुळ्यांत पाय अडकूं नये म्हणून खालीं पाहिलें पाहिजे. वाटेच्या कडेनें बराच भाग तारा ओढलेल्या आहेत. एवढ्या रम्य वनांत हा तारांचा अडसर कशास, असें नवख्यास वाटतें. त्याचें उत्तर आपण परततांना देऊं.

पाण्याच्या काठाकाठानें सुमारें अर्धा मैल गेल्यावर उत्तरेच्या बाजूस एक लहान खाडीसारखा भाग येतो, आणि त्याच्या वरच्या अंगास थोरोच्या घराची जागा दिसते. घर आज नाहीं. तो निघून गेल्यावर तें येथून हलविलें गेलें, आणि नेमकी जागा कोणती याचाच पुढें संशय पडला. 1872 पासून यात्रेकरू तेथें एकेक दगड ठेवीत आले व त्यांची रास झाली. पण घराच्या धुराड्याचा पाया रोलंड रॉबिन्स यानें खणून काढला तो 1945 सालीं. आतां दगडी खांबांनीं त्या जागेची मर्यादा दाखविलेली आहे. लांबी 15 फूट, रुंदी 10 फूट! खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. आणि हा हिशेब खिळ्यांपर्यंत पुस्तकांत दिलेला आहे. पालकांनीं तो मुलांकडून अवश्य वाचून घ्यावा. जमाखर्च इतका रोचक असूं शकतो हें आम्हांस तरी पूर्वीं ठाऊक नव्हतें.

येथें थांबून तळ्याकडे पाहावें, कारण सुंभाचा प्रश्न येथेंच सुटला. तळ्यास तळच नाहीं, असें काँकॉर्डचे लोक म्हणत. कित्येकांनीं 56 पौंडांचें वजन व गाडीभर दोर नेऊन पाहिला होता, तरी तळ लागला नाहीं. 1846 च्या आरंभीं, बर्फ फुटण्यापूर्वीं, थोरो होकायंत्र, सांखळी आणि मासे धरण्याची दोरी घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेला. दोरीस सुमारें दीड पौंडाचा दगड बांधला होता. बर्फास भोंकें पाडून त्यानें शंभरांहून अधिक ठिकाणीं खोली मोजली. दगड तळाशीं टेकला हें कसें कळावें? तळाचा दगड उचलतांना त्याच्या खालीं पाणी शिरेपर्यंत दोरी फार जड लागते. एकदां पाणी शिरलें कीं ती हलकी होते. हा फरक हातास कळतो. सर्वांत अधिक खोली 102 फूट भरली.

मग गाडीभर दोराचें काय झालें? थोरोनें दिलेलें उत्तर असें, कीं वजन केव्हांच टेकलेलें असतां ते लोक दोर सोडीतच राहिले. दोर संपला, पण त्यांनीं मोजली ती पाण्याची खोली नव्हे, स्वतःच्या विश्वासाची. आमच्या गांवोगांवच्या सात बाजांच्या सुंभाचेंही असेंच कांहीं झालें असावें, असा आमचा तर्क आहे. सर्व आंकडे नकाशावर मांडल्यावर थोरोस आणखी एक गोष्ट आढळली: तळ्याची सर्वांत लांब रेषा व सर्वांत रुंद रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथेंच अत्यंत खोल जागा होती. एका उदाहरणावरून नियम बांधूं नये म्हणून त्यानें शेजारच्या दुसऱ्या तळ्यावरही ही रीत लावून पाहिली. तेथें ती जवळजवळ जुळली. ज्यांच्या गांवीं तळें आहे त्यांनीं वडील माणसास बरोबर घेऊन, होडींतून, गांठी मारलेल्या दोरीनें हा प्रयोग अवश्य करावा.

पुढें पश्चिमेच्या टोंकास 1846-47 च्या हिंवाळ्यांत बर्फ कापण्याचें मोठें काम झालें. शंभर आयरिश मजूर सोळा दिवस खपत होते. त्या काळीं बोस्टनचें बर्फ गलबतांतून आमच्या देशीं येई. 1833 सालीं 'टस्कनी' जहाज सुमारें 180 टन बर्फ घेऊन निघालें व चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें तेव्हां सुमारें 100 टन शिल्लक होतें. मुंबईंतही बर्फासाठीं खास घर बांधलेलें होतें. मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील लोक आपल्या विहिरीचें पाणी पिणार, ही कल्पना थोरोस मोठी गोड वाटली. तो स्वतः सकाळीं भगवद्गीता वाची, तेव्हां वॉल्डनचें पाणी गंगेस मिळालें असें त्यास वाटावें यांत नवल तें काय! खरें पाहतां ती रचलेली रास बहुतांशीं तेथेंच पडून राहिली; 1848 च्या सप्टेंबरापर्यंत ती वितळत होती, आणि पाणी परत तळ्यासच मिळालें.

याच टोंकाजवळून आगगाडी जाते. ती थोरो येण्याच्या आदल्या वर्षीं, 1844 सालीं, सुरू झाली. गांवांत जावयास तो रुळांच्या कडेनेंच चाले. 1866 सालीं येथें सहलकऱ्यांसाठीं क्रीडास्थान उभारलें गेलें. 1902 सालीं तें जळालें. दक्षिणेची बाजू शांत असून तिच्याविषयीं सांगण्यासारखें थोडेंच आहे.

आतां तारांविषयीं. तळ्याभोंवतालची सुमारें 80 एकर जमीन इमर्सन व इतर घराण्यांनीं 1922 सालीं लोकांस दान दिली. 1957 सालीं स्नानाची जागा वाढविण्याकरितां अधिकाऱ्यांनीं झाडें तोडण्यास आरंभ केला. नागरिक न्यायालयांत गेले व 1960 सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. पण झाडें तोडणाऱ्यांहून प्रेमानें येणाऱ्यांनीं तळ्याचें अधिक नुकसान केलें, असें म्हणण्याची पाळी आली. लाखों पावलांनीं काठची भुसभुशीत वाळू पाण्यांत ढासळूं लागली व मुळ्या उघड्या पडल्या. म्हणून काठावर पुन्हां रोपें लाविलीं, तारा ओढल्या. आणि गर्दी फार झाली कीं उपवनाचें फाटक कांहीं वेळ बंद करतात. थोरो येथें राहावयास आल्यावर एका आठवड्याच्या आंत घरापासून पाण्यापर्यंत त्याच्या एकट्याच्या पायांनीं वाट पडली होती, आणि पांच-सहा वर्षांनंतरही ती त्यास स्पष्ट दिसत होती.