पक्कड पोराच्या हातात दे

सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळेत निदेशक म्हणून चाललास, तर चार गोष्टी ऐकून जा. नववी-दहावीला वायरिंग शिकवायला मोबाइलवर हवे तेवढे व्हिडिओ मिळतात. ते जरूर दाखव. अख्खा वर्ग एका बोर्डाभोवती दाटला की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या माना दिसतात. पडद्यावर टर्मिनल सगळ्यांना दिसतं.

पण व्हिडिओ निवडताना आधी वायरीचा रंग बघ. आपल्या घरांत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. अमेरिकेत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, आणि सप्लायही १२० व्होल्टचा. तो व्हिडिओ पाहून आलेलं पोर इथं काळ्या वायरीत स्विच टाकेल. बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच. परक्या देशाचा व्हिडिओ कितीही सुबक असू दे, वर्गात लावू नकोस. देशी व्हिडिओतला रंगही टेस्टरनं तपासायचा असतो, हे पोरांना रोज सांग. आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग बंद असलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. बिघडलेला टेस्टर पेटत नाही, आणि पेटला नाही की आपण वायर बंद समजतो.

डोंगराच्या आड रेंजचा भरवसा धरू नकोस. मुरबाडला जाशील तेव्हा व्हिडिओ उतरवून ठेव. तीन-चार मिनिटांचाच तुकडा घे. आवाज बंद कर आणि तू बोल. वायर टर्मिनलमध्ये जायच्या क्षणी थांबव नि विचार, ‘आता पुढं काय?’ उत्तर आल्याशिवाय पुढं सरकू नकोस.

व्हिडिओवाले नेमकं कापतात ते स्क्रू आवळणं आणि वायर सोलणं. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण आपली सगळी विद्या तिथंच. सोलताना तांब्याच्या दोन तारा तुटल्या तरी दिवा पेटतो, म्हणून पोराला वाटतं जमलं. पुढं तिथंच वायर तापते. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघायची, हे पडद्यावर कळत नाही, हाताला कळतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हेच धरून ठेवलं, की करत करत शिकायचं.

म्हणून दुसऱ्यानं काढलेला देशी व्हिडिओ एकदा दाखव आणि पुढचे आपल्याच शाळेत काढ. जिन्याचं वायरिंग, दोन टू-वे स्विच, आपलाच बोर्ड, आपलीच वायर. समोरून काढलंस तर डावं-उजवं उलटं दिसतं, पोरं गोंधळतात. करणाऱ्याच्या खांद्यामागून काढ. आणि करणारी पोरगी असू दे. आपल्याकडं पोरींच्या हाती पक्कड लवकर कुणी देत नाही.

ट्रान्समिशनचा धडा आला की यूट्यूब शोधत बसू नकोस. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचं सांग. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडं वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला ते आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. ‘मनोरा रानात पडला तर मुंबईच्या गिरण्या का थांबतील?’ एवढं विचार. हाय टेन्शन लाइन, सबस्टेशन सगळं त्यातून निघेल.

नव्या जोडणीला थेट सप्लाय कधीच देऊ नकोस. सिरीज बोर्डावर शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून ठेव. एलईडी त्या कामाचा नाही. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, वायर जळणार नाही. असे बल्ब आता दुकानात क्वचितच मिळतात, दिसतील तिथं घेऊन ठेव.

पावसाळ्यात पोरं ओल्या पायांनीच वर्गात येतात, तेव्हा मेन लाइनवरचं काम बंद. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सराव चालू दे. आणि शाळेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच, नसेल तर रुजू झाल्या झाल्या मुख्याध्यापकांकडं तो माग. प्रोजेक्टर पुढच्या वर्षी मिळाला तरी चालेल.