‘किती वाजता भाजलं?’ हे आधी का विचारतात?

प्रश्न : शेजारच्या काकूंच्या पदरानं चुलीवर पेट घेतला. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नेमकी वेळ दोनदा विचारली आणि लगेच शहरात न पाठवता सलाईन लावून ठेवून घेतलं. जिथे बर्न्स वॉर्डच नाही, तिथे थांबवून काय साधलं?

उत्तर : बरंच साधलं. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारखी ठिकाणं मोजकीच, आणि वाटेत पेशंट कोसळला तर तिथल्या सोयींचा काय उपयोग?

मोठं भाजलं की अंगभर बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, अंग सुजतं, मूत्रपिंडं उपाशी राहतात. हे पाझरणं सुरुवातीच्या तासांत सर्वांत जास्त असतं. म्हणून सलाईन किती द्यायचं ते सांगणाऱ्या पार्कलंड सूत्राचं घड्याळ भाजल्या क्षणापासून चालतं, दवाखान्याच्या दारापासून नाही. वजन ६० किलो, भाजलेलं अंग ३० टक्के (पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण १ टक्का; नुसती लाली मोजायची नाही), तर ४ × ६० × ३० = ७,२०० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाईन. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. पेशंट २ तास उशिरा आला तर ३,६०० मिली उरलेल्या ६ तासांत बसवायचं, म्हणजे तासाला ६०० मिली. वेळ चुकीची कळली की सगळा हिशेब चुकतो.

तरी सूत्र नुसता अंदाज देतं. खरं सांगते ती लघवीची पिशवी. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे इथे ३० मिली, लघवी झाली पाहिजे. कमी झाली तर सलाईन वाढवायचं, फार झाली तर उतरवायचं. जास्त पाणीही फुफ्फुसांना जड जातं.

त्याआधी बघायचा तो श्वास. बंद खोलीतली आग, घोगरा आवाज, थुंकीत काजळी असेल तर श्वासनलिकेत नळी घालायचा निर्णय गाडी निघण्यापूर्वीच व्हायला हवा. वाटेत घसा सुजून बंद झाला तर १०८ च्या गाडीत नळी घालणं फार कठीण. धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनाशामक, स्वच्छ आवरण आणि वर पांघरूण, एवढं करून पाठवावं. पांढरं मलम थापून पाठवू नये, पुढच्या डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही.

घरी काय? ३ तासांच्या आत, २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई तर नकोच. हात सुजण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. मोठं भाजलं असेल, विशेषतः लहान मूल असेल, तर अंग गार पडू देऊ नये.

विजेच्या झटक्याला मात्र टक्क्यांचा हिशेब लागू नाही. बाहेर नाण्याएवढा डाग आणि आत स्नायू जळालेले, असं होतं. अशाचा ईसीजी काढावा, आणि लघवी काळपट-लाल दिसली तर सलाईनचा वेग वाढवून त्याला मोठ्या केंद्रात पाठवावंच.