जुन्या ऑफिसचे नूतनीकरण : हरित मानांकनाचा कोणता प्रकार निवडाल?

समजा लोणावळ्यात बाजारपेठेतल्या एका दुमजली इमारतीत वरचा मजला भाड्याने घेऊन ऑफिस थाटायचं आहे आणि त्याला हरित इमारतीचं प्रमाणपत्रही हवंय. इथे बहुतेक जण आधी विचारतात, ‘प्लॅटिनम मिळेल का?’ खरा पहिला प्रश्न वेगळा आहे: तुम्ही नेमकं काय बदलणार आणि काय बदलायचा तुम्हाला हक्क आहे?

भारतात ‘लीड’, ‘आयजीबीसी’ आणि ‘ग्रिहा’ या पद्धती जास्त चालतात. ‘लीड’चं उदाहरण घेऊ. त्यात नवीन बांधकाम व मोठे नूतनीकरण, अंतर्गत सजावट, आणि चालू इमारतीची देखभाल असे वेगवेगळे प्रकार आहेत. भाडेकरूने पार्टिशन, दिवे, फर्निचर, रंग बदलला तर तो अंतर्गत सजावटीत बसतो. छत घरमालकाचं; त्यावरच्या पन्हळीचं पाणी साठवायचं श्रेय तुम्ही कसं मागणार? पण मालकानेच पत्रे, खिडक्या, एसी यंत्रणा आणि आतली रचना असं सगळं काढून नव्याने केलं, तर ते मोठं नूतनीकरण. बांधकाम फारसं नाही, फक्त वीज-पाण्याची शिस्त लावायची असेल तर देखभालीचा प्रकार. त्यासाठी मात्र इमारत किमान एक वर्ष वापरात असावी लागते.

दोन्ही प्रकार थोडे थोडे लागू पडले तर? त्यासाठी ४०-६० चा नियम आहे. पाचवीच्या शेकडेवारीचंच गणित! मालकाची इमारत ६०० चौ.मी. धरा. मोठ्या नूतनीकरणात ३९० चौ.मी. येतं, म्हणजे ६५ टक्के; ६० च्या वर गेल्याने तोच प्रकार घ्यावा. २१० चौ.मी. म्हणजे ३५ टक्के. ४० च्या खाली, म्हणून तो घेऊ नये. ३०० चौ.मी. म्हणजे बरोबर ५० टक्के; इथे निर्णय तुमचा.

हडपसरच्या ‘सुझलॉन वन अर्थ’ला लीड प्लॅटिनम आणि ग्रिहाचे पाच तारे मिळाले हे खरं, पण ती मोकळ्या जागेवर नव्याने उभी केलेली वसाहत. तिची यादी घेऊन लोणावळ्यातला भाड्याचा मजला मोजू नका.

माझं मत विचाराल तर मावळातल्या भाडेकरूला अंतर्गत सजावटीचाच प्रकार खऱ्या उपयोगाचा. पावसाळ्याचे चार महिने इथे खिडक्या बंद, भिंतींना ओल, कपाटात कुबट वास. रंग आणि प्लायवूडच्या गोंदाची वाफ आतच कोंडते आणि ती आठ तास हुंगतो कर्मचारी. कमी वाफ सोडणारे रंग, गोंद आणि ताज्या हवेची सोय यांना या प्रकारात गुण आहेत. नोंदणीची फी भरण्याआधी भाडेकरार काढून वाचा: मीटर स्वतंत्र आहे का, आणि एसीचा बाहेरचा भाग बसवायला परवानगी आहे का?