निळा डाग, काळं रंगद्रव्य आणि लेझर

हार्लेमला स्पार्न नदीकाठच्या टायलर्स म्युझियममध्ये तुम्ही कदाचित गेला असाल. १९१२ मध्ये लायडनची प्राध्यापकी सोडून हेंड्रिक लॉरेंट्झ इथल्याच प्रयोगशाळेत आले. पदार्थ ठरावीक रंगाचा प्रकाश का शोषतो, हे त्यांनी गणितात बसवलं होतं. आजचा विषय त्याच शोषणाचा आहे, फक्त पदार्थ आपल्या चेहऱ्यावरचा.

डोळ्याभोवती, कपाळावर, गालावर, बहुधा एकाच बाजूला निळसर-करडा डाग असलेली एखादी मुलगी तुम्ही पाहिली असेल. 'आईने ग्रहण पाळलं नाही' असं घरात कुणीतरी म्हणतंच. (बिचारी आई!) हा 'नीव्हस ऑफ ओटा'. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. आशियाई लोकांत, त्यातही स्त्रियांत तो जास्त दिसतो.

यातलं रंगद्रव्य आपलं नेहमीचं मेलॅनिनच, पण त्वचेच्या खालच्या थरात अडकलेलं. लाल प्रकाश खोल जाऊन शोषला जातो, निळा वरूनच विखरून परत येतो, म्हणून डाग निळा. आणि म्हणूनच गोरेपणाची क्रीमं इथे निव्वळ पैसे वाया.

मग लेझर काय करतं? मेलॅनिनचा कण जेमतेम एक मायक्रोमीटरचा. त्याला तापवलं तर साधारण मायक्रोसेकंदाच्या आत उष्णता आजूबाजूला पसरते. लेझरची झळक मात्र काही नॅनोसेकंदांचीच असते. उष्णता बाहेर पडायच्या आत कण फुटतो, शेजारची त्वचा वाचते. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं. फुटलेला चुरा शरीरातल्या पेशी सावकाश उचलतात. म्हणून दोन बैठकांमध्ये काही महिने जातात, आणि बैठका बऱ्याच लागतात.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही मेलॅनिन असतं आणि तेही प्रकाश खातं. ६९४ नॅनोमीटरचं रूबी लेझर तिथे जास्त शोषलं जातं, १०६४ चं एनडी-याग कमी. चुकीची मात्रा बसली तर पांढरे किंवा काळे डाग उरू शकतात. तेव्हा हाउसआर्ट्सकडून त्वचातज्ज्ञाकडे गेलात की 'आमच्यासारख्या त्वचेवर किती जणांना केलंय?' हे बिनदिक्कत विचारा, आधी छोट्या भागावर चाचणी मागा.

डोळ्याच्या पांढऱ्या भागातही डाग असेल तर नेत्रतज्ज्ञ टाळू नका. अशा डोळ्यात काचबिंदूचा धोका जास्त असतो, आणि लेझरने तो कमी होत नाही.

बैठक शक्यतो डच हिवाळ्यात ठरवा. भारतातून ऊन खाऊन आल्या आल्या तर नकोच.