रुळांचें माप आणि दप्तराचा सांचा

शाळेचें दप्तर हल्लीं बहुतांशीं संगणकांतच राहतें. दाखले, प्रश्नपत्रिका, गुणपत्रकें व वार्षिकाचे लेख कोणत्या सॉफ्टवेअरवर लिहावे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु विचाराअंतीं तो शाळेच्या स्मरणशक्तीचा प्रश्न ठरतो. म्हणून आमच्या शिक्षकबंधुभगिनींपुढें तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या बार्शी तालुक्यांतीलच दाखला घेऊं. बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट होतें, आणि कुर्डुवाडीस भेटणारा मुंबईकडील लोहमार्ग साडेपांच फुटांचा होता. त्यामुळें बार्शीचा माल कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरावा लागे. माल तोच, गांवें तींच. मापें निराळीं म्हणून हमाली व खोळंबा मात्र पदरीं येई. लातूर–कुर्डुवाडी मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला, तेव्हां कोठें हा भेद मिटला.

फाईलीसही असेंच माप असतें. त्यास आपण सांचा म्हणूं. सांच्याचे नियम एकाच कंपनीनें स्वतःपाशीं ठेविले, तर आपलेंच लिखाण वाचण्यास तिच्या दारीं जावें लागतें. याउलट ‘ओपन डॉक्युमेंट’ हा सांचा २००५ सालीं ओएसिस संस्थेनें मान्य केला व २००६ सालीं तो आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. त्याचे नियम प्रसिद्ध आहेत. ते वाचून कोणींही सॉफ्टवेअर रचावें. २०१० पासून चालू असलेलें लिब्रेऑफिस हाच सांचा वापरतें. तें विनामूल्य मिळतें, दुसऱ्यास देतां येतें व मराठींतही चालतें.

मराठीची अडचण आणखी एक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं ज्यानें त्यानें आपला फाँट बनवून अक्षरांस आपापले अंक दिले. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी परिच्छेदाऐवजीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडांत १९९१ पासून देवनागरीच्या अक्षरांस ठरलेले अंक आहेत. तेव्हां केवळ सॉफ्टवेअर बदलून भागणार नाहीं. जुन्या फाईली युनिकोडांत उतरवाव्याही लागतील. आपल्या कित्येक घरांत मोडी कागद पेटींत पडून आहेत. अक्षर शाबूत, पण वाचणारा नाहीं. तरी मोडी सर्वांस खुली होती, म्हणून ती आजही शिकतां येते. गुप्त सांच्याचें तसें नाहीं.

कोणी म्हणतील, वरिष्ठ कार्यालयांतून फाईली दुसऱ्याच सांच्यांत येतात. लिब्रेऑफिस त्याही बहुधा उघडतें. मात्र कोष्टकें कधीं कधीं हलतात, हें आम्ही लपवीत नाहीं. यास्तव बाहेर धाडावयाचा अंतिम कागद पीडीएफ करून धाडावा, आणि अडल्यावेळीं उपयोगी पडावा म्हणून एक संगणक आहे तसाच ठेवावा. दुसरा आक्षेप संवयीचा. हात नव्या मांडणीस रुळेपर्यंत कांहीं आठवडे काम सावकाश होईल. तेवढें मोल द्यावेंच लागेल.

भारत सरकारनें २०१५ सालीं आपल्या कार्यालयांसाठीं खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचें धोरण स्वीकारलें. आपण एवढी मोठी उडी न घेतां आरंभ वार्षिकाच्या लेखांपासून करावा; एक सत्र नीट पार पडल्यावर प्रश्नपत्रिका व गुणपत्रकें घ्यावीं.

शेवटीं विद्यार्थ्यांचा विचार. शाळेंत आपण महागडें सॉफ्टवेअर शिकविलें, तर वैरागच्या गरीब घरांतील मुलापुढें दोनच वाटा उरतात: अभ्यास सोडणें किंवा चोरीची प्रत मिळविणें. प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्या शाळेनें त्यास तिसरी वाट दाखविली पाहिजे. वर्गांत शिकलेलें साधन त्यानें उजळ माथ्यानें घरीं न्यावें, आणि वीस वर्षांनीं तो आपला दाखला मागावयास आला तर तो आपणांस उघडून वाचतां यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.